कॉलेज रेडिओचा इतिहास लिहायचाय: स्थापनेचं साल कोणतं धरायचं आणि पुरात भिजलेल्या कॅसेटचं काय करायचं?

सांगलीकर_७७

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या एका कॉलेजच्या कॅम्पस रेडिओचा इतिहास छापायचा आहे. ४० पानी पुस्तिका, ग्रंथालयात छोटं प्रदर्शन आणि हेडफोनवर ऐकायला जुन्या कार्यक्रमांचे दहा-बारा तुकडे. हाताशी आहे ते असं: साधारण १४० कॅसेट (बहुतेक सी-६०, म्हणजे तासाभराच्या), ७ इंची ११ स्पूल (उघड्या टेपच्या चकत्या), ६० सीडी, स्टुडिओतला एक बंद पडलेला सीपीयू, प्रक्षेपणाच्या ९ नोंदवह्या आणि परवान्याची जाड फाइल. २०१९च्या पुरात तळमजल्यावरचं एक कपाट पाण्यात होतं. त्यातल्या ३५-४० कॅसेट आणि दोन नोंदवह्या गाळाने माखून तशाच वाळल्या आहेत.

समितीत सालावरून जुंपली आहे. एक गट १९८६ म्हणतो, कारण तेव्हापासून मधल्या सुट्टीत कँटीन आणि ग्रंथालयाबाहेरच्या स्पीकरवर कार्यक्रम लागायचा. दुसरा २००५ म्हणतो, त्या साली दिल्लीला अर्ज गेला. तिसऱ्याचं २००९, कारण कोनशिलेवर तेच कोरलंय. शिवाय मसुद्यात दोन वाक्यं घुसली आहेत: 'पश्चिम महाराष्ट्रातलं पहिलं कॉलेज रेडिओ केंद्र' आणि 'प्रक्षेपण थेट कराडपर्यंत ऐकू जात असे'. ही ठेवावीत का?

कॅसेटचं काम मुलांकडून करून घेता येईल का, की बाहेर द्यावं?

---

मध्यमलहरी

आधी सालाचं बघू, कारण पुस्तिकेचं अर्धं त्यावर उभं राहणार.

२००५ लगेच बाद करा. अर्ज म्हणजे केंद्र नव्हे. अर्ज करून पुढे काहीच न झालेल्या संस्था ढिगाने आहेत.

१९८६चा स्पीकरवरचा कार्यक्रम 'रेडिओ' म्हणायचा की नाही, हा शब्दाचा प्रश्न. माझ्या मते म्हणावा, पण 'वायरवरचा' असं स्पष्ट लिहून. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९३६ साली विद्यार्थ्यांनी वसतिगृहांच्या खोल्यांत तारा ओढून जे सुरू केलं, त्यालाच तिथे कॉलेज रेडिओची सुरुवात मानतात. तेव्हा तारेची लाज बाळगायचं कारण नाही. मात्र त्या काळाला 'एफएम' शब्द चिकटवू नका. आपल्याकडे कॉलेजला स्वतःचं प्रक्षेपण करायची वाटच डिसेंबर २००२ मध्ये उघडली. त्याआधी कोणी किट जोडून एफएमवर आवाज सोडला असेल तर तो १८८५च्या तार कायद्याखाली आणि १९३३च्या वायरलेस कायद्याखाली गुन्हाच होता. हौशी आठवणींत अशी वाक्यं येतात आणि पुस्तिकेत छापली गेली की प्राचार्यांच्या सहीनिशी कबुली होऊन बसते.

मागचा धागा दोन परिच्छेदांत द्या, जास्त नको. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला (खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते). त्यानंतर सात वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, नामांकित शिक्षणसंस्थांना परवानगीचं धोरण आलं. १ फेब्रुवारी २००४ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, ते देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र. २००६च्या अखेरीस स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडलं. सांगलीच्या वाचकाला जवळचं हवं असेल तर सातारा जिल्ह्यातलं म्हसवडचं माणदेशी तरंग (९०.४, २००८ पासून) आणि जत तालुक्यातल्या जालिहाळ बुद्रुकची येरळावाणी (९१.२) यांचा उल्लेख करा. दोन्ही कॉलेजची नाहीत, पण परवाना त्याच धोरणाखालचा.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. २००६ नंतर कॉलेजचा वेगळा परवाना असा उरला नाही, सगळे 'सामुदायिक रेडिओ'. म्हणजे फक्त विद्यार्थ्यांसाठी गाणी लावून भागत नाही, आजूबाजूच्या वस्तीसाठी कार्यक्रम करावे लागतात आणि निम्मे तरी तिथेच तयार झालेले असावे लागतात. तुमच्या नोंदवह्यांत द्राक्ष, हळद, आरोग्य असे विषय कोणत्या महिन्यापासून दिसू लागतात ते पाहा. तो बदल कोनशिलेपेक्षा जास्त सांगेल.

आता फाइल. तिच्यात पुढचे कागद असतील, आणि प्रत्येकावर वेगळी तारीख: मंत्रालयाचं लेटर ऑफ इंटेंट (इरादापत्र), वारंवारितेचं पत्र, मनोऱ्यासाठीची सॅकफा या सरकारी समितीची मंजुरी, २५,००० रुपयांची बँक हमी, परवानगीचा करारनामा (सगळे त्याला गोपा म्हणतात) आणि शेवटी वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स. उद्घाटन बहुधा पाहुण्यांच्या सोयीने नंतर झालेलं असतं. खरी पहिली तारीख पहिल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर, चाचणी प्रक्षेपणाची. कागद सापडला नाही तर मंत्रालयाला माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. 'करारनाम्याची तारीख, वारंवारिता, नूतनीकरणाच्या तारखा' एवढंच मागा.

छापताना: '१९८६ पासून वायरवर, अमुक तारखेपासून एफएमवर.' वादच संपतो.

'पहिलं' हा शब्द काढा. सिद्ध करायला प्रत्येक जिल्ह्यातल्या प्रत्येक करारनाम्याची तारीख लागेल, आणि कोणीतरी साताऱ्याहून पत्र पाठवेलच.

---

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्याहून पत्र आलंच. :)

कराडचं वाक्य मात्र नक्की काढा. सामुदायिक केंद्राला प्रभावी शक्ती (अँटेनातून बाहेर पडणारी) १०० वॅट आणि अँटेनाची उंची ३० मीटर, एवढीच साधारण मर्यादा. ३० मीटरवरची अँटेना आणि जमिनीपासून २ मीटरवरचा रेडिओ यांच्यात रेडिओक्षितिज (लहरी सरळ जिथवर पोचतात ती हद्द) येतं सुमारे २८ किलोमीटर, तेही मध्ये एकही टेकडी नसताना. सांगली-कराड सरळ रेषेत ६० च्या वर. कराडला ज्यांनी ऐकलं त्यांनी बहुधा मोबाइलवर इंटरनेटवरून ऐकलं.

सांगली-मिरज सपाटीवर १०-१२ किलोमीटर स्वच्छ मिळालं असेल तर तेच अभिमानाने लिहा. आमच्याकडे किल्ल्याच्या सावलीत त्याच शक्तीवर पलीकडची पेठ गायब होते.

---

स्पूलवाला

कॅसेटबद्दल. चांगल्या कॅसेट मुलं करू शकतात. गाळाच्या नाहीत, निदान सुरुवातीला नाहीत.

पहिल्या दिवशी एकही कॅसेट वाजवू नका. तीन ढीग करा: स्वच्छ, बुरशीच्या, गाळाच्या. प्रत्येकीचा दोन्ही बाजूंनी आणि आतल्या कागदासह फोटो काढा, मग क्रमांकाची चिठ्ठी डबीवर आणि कॅसेटवर. कॅसेटवर पेन्सिलीने, ओल्या शाईच्या पेनने नाही. पाठीमागचे दोन लहान चौकोनी कान मोडलेले नसतील तर आत्ताच मोडा, नाहीतर कोणीतरी चुकून रेकॉर्डचं बटण दाबेल आणि १९८८चा वक्ता कायमचा जाईल.

काम स्वच्छ ढिगापासून सुरू करा, म्हणजे चुका स्वस्तात होतील. यंत्र: जुना पूर्ण आकाराचा कॅसेट डेक शोधा. बाजारात मिळणारं यूएसबीचं वॉकमनसारखं खेळणं घेऊ नका, त्याचा वेग डुलतो आणि अझिमथ (टेप वाचणाऱ्या हेडचा कोन) जुळवायला जागाच नसते. डेक आणल्यावर त्याचा पट्टा बदलून घ्या, बहुतेक ताणून सैल झालेला असतो. टेप दाबून धरणारा रबराचा पिंच रोलर दाबून पाहा. चकाकत असेल किंवा कडक झाला असेल तर टेप तिरकी चालून चुरगळते. हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारी फिरती दांडी) दर कॅसेटनंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, रबर मात्र साबणाच्या पाण्याने. वेग तपासायला ३१५० हर्ट्झची चाचणी कॅसेट वापरा. जुन्या रेकॉर्डिंगमधल्या विजेच्या गुणगुणीवर ५० हर्ट्झ धरून वेग जुळवायची युक्ती इंटरनेटवर सांगतात, ती आपल्याकडे फसते, कारण नव्वदीच्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारिताच ५०वर टिकत नव्हती.

अझिमथ ही सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि स्क्रू अगदी पाव फेऱ्याच्या आत हळूहळू फिरवा. 'स', 'श' सारखे वर्ण जिथे सर्वांत धारदार होतात तिथे थांबा. कॉलेजच्या स्वतःच्या डेकवर भरलेल्या कॅसेटमध्ये हे दर कॅसेटला करावं लागतं, कारण तो डेकच वाकडा असतो. वाकड्या हेडने भरलेलं वाकड्या हेडनेच नीट वाजतं.

डेकच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणाऱ्या पेटीच्या) लाइन इनमध्ये, माइकच्या खोबणीत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ ते उणे १० डेसिबलवर राहील इतकी पातळी. गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, निम्म्या वेळा तेवढ्याने जाते. मूळ फाइलवर नॉइज रिडक्शन लावायचं नाही, ती अशीच ठेवायची, साफसूफ प्रतीवर. डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी सोय) चालू-बंद हे आतल्या कागदावरची खूण पाहून ठरवा. खूण नसताना डॉल्बी लावून ऐकलेलं बोलणं गोधडीतून आल्यासारखं लागतं.

हिशेब: या दर्जात तासाला साधारण १.०४ जीबी. १४० कॅसेट म्हणजे १४० तास, १४५ जीबी, काहीच नाही. वेळ जास्त लागतो. तयारी धरून तासाला दीड तास, म्हणजे २१० तास. रोज चार तास बसलात तर ५२-५३ दिवस.

बुरशीची कॅसेट: आधी पंख्याच्या वाऱ्यावर कोरड्या खोलीत आठवडाभर, सिलिका जेलसोबत. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही, टेप आखडते. बुरशी सुकून पूड झाली की मास्क लावून बाहेर, उघड्यावर, मऊ ब्रशने. ती डेकमध्ये घातलीत तर पुढच्या सगळ्या कॅसेटना लागण.

गाळाच्या: या तशा वाजवल्यात तर बारीक वाळू हेडवर घासते आणि टेपचा चुंबकी थर खरवडून निघतो. एकदा गेलेलं परत येत नाही. कवच पाच स्क्रूचं असेल तर सपाट टेबलावर उघडा. दोन्ही चकत्या, त्यांच्या वरखालचे पातळ कागद, दोन कोपऱ्यांतले रूळ आणि हेडसमोरचा नमद्याचा तुकडा कसे बसलेत त्याचा आधी फोटो. दोन्ही चकत्या एकदम उचलून स्क्रूच्या नव्या कवचात ठेवायच्या. एक निसटली की ८५-९० मीटर टेपच्या शेवया होतात. वेटोळ्याच्या कडेवर गाळ चिकटलेला असेल तर डिस्टिल्ड वॉटरने कड भिजवून मऊ करायची, नळाच्या पाण्याने नाही, त्यातले क्षार वाळल्यावर मागे राहतात. मग पूर्ण वाळू द्यायची आणि धागे न सुटणाऱ्या कापडाच्या चिमटीतून हाताने, सावकाश, एकदा इकडून तिकडे गुंडाळायची. थर कापडावर तपकिरी उतरू लागला तर थांबा. तिथून पुढे व्यावसायिकाकडे. कवचाला स्क्रू नसून ते चिकटवलेलं असेल तर शिवणीत पातळ पातं घालून फोडावं लागतं, ते मुलांना देऊ नका.

आधी रिकाम्या, फेकायच्या दहा कॅसेटवर हात बसवा. आणि खरी कॅसेट पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावरचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, कधीकधी तेवढी एकच फेरी मिळते.

स्पूल: ७ इंची, १२०० फुटांचा स्पूल सेकंदाला १९ सेंमी वेगावर ३२ मिनिटं चालतो, साडेनऊवर ६४. आवाज उलटा ऐकू आला तर घाबरू नका, दुसऱ्या बाजूलाही भरलेलं आहे आणि तुमचं यंत्र दोन्ही ट्रॅक एकदम वाचतंय. स्पूल उजेडासमोर धरा: वेटोळ्यातून प्रकाश आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट (जुन्या जातीची टेप), त्याला व्हिनेगरसारखा वास असेल तर टेप खराब होऊ लागली आहे, आधी तोच करा.

---

मध्यमलहरी

स्पूलवरून आठवलं. त्या ११ पैकी काहींवर विद्यार्थ्यांचे आवाज असतील पण केंद्र तुमचं नसेल. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासून आहे आणि युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमात कॉलेजची मुलं जात. त्यांनी प्रती आणलेल्या असू शकतात. सुरुवातीची उद्घोषणा ऐका. 'मीटर' किंवा १२५१ किलोहर्ट्झ असं आलं की ते आकाशवाणीचं, तुमच्या इतिहासात वेगळ्या रकान्यात. सार्वजनिक वाजवायचं तर परवानगीही त्यांची.

---

सांगलीकर_७७

मनापासून आभार. दोन शंका. नोंदवहीत रोज 'फॉ ४८, रि १' असं काहीतरी लिहिलंय आणि जुलैत 'रि ६' होऊन मग नऊ-नऊ दिवस कोरी पानं. आणि सीपीयू चालू झाला, पण निम्म्या फाइलींची तारीख १ जानेवारी २००२ दाखवतोय, तेव्हा केंद्रच नव्हतं.

---

अजिंक्यताऱ्याखाली

फॉ म्हणजे अँटेनाकडे गेलेली शक्ती, रि म्हणजे परत आलेली, दोन्ही वॅटमध्ये. ५० वॅटच्या ट्रान्समीटरवर ४८ आणि १ हे निरोगी लक्षण. (३ डेसिबलची अँटेना, केबलमध्ये ०.७ डेसिबल गळती धरली तर प्रभावी शक्ती ८० च्या वर, म्हणजे मर्यादेत.) १ चं ६ झालं म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो (शक्ती किती परत फिरते त्याचं माप) १.३ वरून २.१ वर गेला. पावसाळ्यात याचं कारण जवळजवळ ठरलेलं: अँटेनाखालच्या कनेक्टरमध्ये पाणी. केबलला खाली झुकता वळसा ठेवलेला नसला की पाणी केबलवरून घरंगळत थेट कनेक्टरमध्ये शिरतं. ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतो किंवा बंदच पडतो. पाऊस उघडेपर्यंत मनोऱ्यावर कोणी चढत नाही. तुमची नऊ कोरी पानं ती. पुस्तिकेत अशा खंडांचा तक्ता द्या: परीक्षा, सुट्टी, पाणी शिरणं, पूर. 'अखंड सेवा' लिहिण्यापेक्षा वाचकाला जास्त कळेल.

---

छाटणीनंतर

१ जानेवारी २००२ म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल (सीआर२०३२) संपला होता. वीज गेली की घड्याळ बोर्डाच्या मूळ तारखेवर जातं. त्या फाइलींचा आपसातला क्रम मात्र काही अंशी खरा असतो, तेवढा वापरा. बाकीच्यांत 'क्रिएटेड'पेक्षा 'मॉडिफाइड' तारीख भरवशाची. क्रिएटेड नंतरची आणि मॉडिफाइड आधीची दिसली तर फाइल दुसरीकडून कॉपी केलेली आहे. काहीही उघडण्याआधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा (एका फाइलीतली हुबेहूब प्रत) काढा आणि मूळ डिस्क बाजूला ठेवा. सीडीही आत्ताच, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने. घरी बर्न केलेल्या सीडीचा रंगथर उतरतो आणि एके दिवशी ड्राइव्ह ती ओळखतच नाही.

तारीख नसलेल्या कार्यक्रमांना आतल्या मजकुरावरून पकडा. द्राक्षाच्या कार्यक्रमात 'ऑक्टोबर छाटणी होऊन पंचवीस दिवस झाले' असं आलं की महिना मिळाला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सांगितली असेल तर सालही मिळेल: इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला, हे दरवेळी सांगतात, पण २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तो आकडा दुसऱ्या सालात बसत नाही. जाहिरातींच्या पावत्याही बघा. दर १० सेकंदांना ७४ रुपये असेल तर पावती २०२४ची किंवा नंतरची, त्याआधी ५२ होते. जाहिरातींना तासाला मिळणारी मिनिटंही ५ वरून ७ आणि २०२४ मध्ये १२ झाली.

ज्याची तारीख अंदाजाने लावलीत त्याच्या नावात तसं दिसू द्या: २००९-१०-०० असं. शून्य म्हणजे दिवस माहीत नाही.

फिल्मी गाणी असलेला तुकडा संग्रहात पूर्ण ठेवा, पण इंटरनेटवर चढवताना गाणं कापा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो. पाहुण्यांच्या मुलाखती असतील तर त्यांची किंवा घरच्यांची लेखी संमती घ्या.

आणि तीन प्रती करा. एक कॉलेजात, एक दुसऱ्या गावात, एक ऑनलाइन. कॉलेजातली वरच्या मजल्यावर ठेवा.

---

स्पूलवाला

त्या दोन गाळाच्या नोंदवह्या अजून उघडल्या नसतील तर जबरदस्तीने पानं सोडवू नका. गुळगुळीत कागद असेल तर पानं एकमेकांना विटेसारखी चिकटलेली असतात. शाई बॉलपेनची असेल तर बरीचशी टिकलेली असेल, फाउंटन पेनची असेल तर पसरली असेल. पसरलेल्या पानाचा फोटो बाजूने, तिरक्या उजेडात काढा. निबचा दाब कागदावर उमटला असेल तर तो कधीकधी वाचता येतो.